सही होऊन गेली

मराठीत एक मोठी सोय आहे. कप फुटतो, किल्ली हरवते, दूध उतू जातं, उशीर होतो, आणि या सगळ्यात करणारा माणूस कुठेच सापडत नाही. कामं आपली आपण होत असतात, आपण नुसते बाजूला उभे राहून हळहळतो. एकतीस वर्षं मी माणिकपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं आणि त्यातला बराच काळ मुलांच्या डोक्यातून ही सोय काढण्यात गेला. दर वर्षी कोणीतरी उभं राहून म्हणायचंच, 'मिस, माय होमवर्क रिमेन्ड.' गृहपाठ राहिला, त्याचं हे भाषांतर. मी म्हणायचे, होमवर्क आपोआप रिमेन होत नाही. तू केला नाहीस. आय डिड नॉट डू इट, असं म्हण आणि बस खाली.

स्वतःच्या एका गोष्टीबद्दल मात्र मी कायम मराठीतच बोलत आले. आई गेल्यावर सांडोरची आमची वाडी भावाच्या एकट्याच्या नावावर कशी गेली, असं नात्यातल्या कोणी विचारलंच तर माझं उत्तर ठरलेलं होतं. सही होऊन गेली. एवढं म्हणून मी विषय बदलायचे. त्यापुढचं सगळं मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं. ती माझी मैत्रीण.

ती आणि मी स्टाफरूममधल्या एकाच टेबलाच्या दोन बाजूंना सव्वीस वर्षं बसलो. ती कोकणातली, लग्नानंतर विरारला आली आणि आता चंदनसारला नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. तीही इंग्रजीच शिकवायची. शाळेत मी रागीट म्हणून प्रसिद्ध होते आणि ती प्रेमळ म्हणून. मुलं तिच्या तासाला धुमाकूळ घालायची आणि माझ्या तासाला दमून गप्प बसायची, त्यामुळे माझी शिस्त चांगली असा एक समज होता. आई शेवटची आजारी होती तेव्हा हीच बाई रोज माझे दोन तास घेऊन स्वतःचे सहा घ्यायची आणि वर डब्यात माझ्यासाठी घावने आणायची. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाचून कोणाला वाटेल की ती पहिल्यापासूनच तशी होती. ती तशी नव्हती, म्हणून तर लागलं.

तिला मी सांगितलं ते असं. आईचा महिना व्हायच्या आत भाऊ मला निबंधक कार्यालयात घेऊन गेला. म्हणाला, वारसनोंदीचे कागद आहेत, तुझी सही लागते. तिथे गर्दी होती, उकडत होतं. त्याने बोट ठेवून दाखवलं, 'बाय, इथं सही कर.' त्याचं पेन उमटेना. त्याने माझी पर्स उघडून पेन काढलं, ते निघालं वह्या तपासायचं लाल. कारकून हसून म्हणाला, बाई, लाल चालत नाही, निळं नाहीतर काळं पाहिजे. मग कारकुनानेच त्याचं पेन दिलं आणि मी सही केली. वाचलं नाही. घरच्या माणसाने पुढे केलेला कागद कोण वाचतं? चार महिन्यांनी कळलं की ते हक्कसोडपत्र होतं. वाडीतला माझा हिस्सा मी सोडला होता.

लाल पेनापाशी आल्यावर आम्ही दोघीही हसलो होतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने माझा हात धरला आणि म्हणाली, 'अगं, यात तुझी काय चूक? विश्वास ठेवणं ही काय चूक झाली?' त्या वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी सांडोरला जायचे, भावाकडे जेवायचे, भाची 'आत्या, आत्या' करत पिशवीत केळी भरून द्यायची, आणि मी मनात म्हणायचे की चूक माझी नव्हती, हे निदान एकीला तरी माहीत आहे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तिनेच हे व्हिएतनामचं काम आणलं. तिथल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी इंग्रजीचा सराव तयार करायचा. एक उतारा, त्याखाली दहा शब्दांचे अर्थ, पाच पर्यायी प्रश्न आणि मग व्याकरणाचा एक स्वाध्याय. ती लिहिणार, मी तपासणार, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार चार वाजता संगणकासमोर बसून सात मुलींकडून तो सराव करून घेणार. आपले चार म्हणजे त्यांचे साडेपाच. माझ्या लेकाने नकाशा उघडून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा देश एवढा लांबट आणि अरुंद आहे.

मला त्या मुली फार आवडल्या. त्यांच्या भाषेत क्रियापदाला काळच लागत नाही. काल जाते, आज जाते, उद्या जाते, सगळं एकच. कधी ते संदर्भावरून समजून घ्यायचं. शब्दाचा शेवटचा आवाजही त्या खाऊन टाकतात, त्यामुळे 'वॉक्ड' म्हणायला सांगितलं तरी 'वॉक'च येतं. म्हणजे आपल्याकडे कर्ता गायब आणि त्यांच्याकडे भूतकाळ. मला एका मुलीने सांगितलं की त्यांच्याकडे बाईंना आणि आत्याला एकच शब्द आहे, 'को'. त्या दिवसापासून मला सात भाच्या आणखी झाल्या.

पहिल्या महिन्यात एक उतारा मी लिहिला होता. आई रजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घालायची, रोज संध्याकाळी झाकायची, आणि आठवड्याने त्यांची मधाच्या रंगाची सुकेळी व्हायची, ते सगळं. खाली प्रश्न, केळी वाळायला किती दिवस लागतात? एका मुलीने उत्तराच्या खाली लिहिलं, माझी आजीपण वाळवते, पण चपट्या करून. तिच्याकडे एक कोंबडा होता, तो वेळकाळ न बघता तिच्या मागून आरवायचा. तिचा आवाज बारीक होता, वाचायची मात्र हौस दांडगी. तास सुरू झाला की पहिली तीच म्हणायची, 'टीचर, आय रीड?'

त्या बुधवारी मैत्रिणीचा निरोप आला की या खेपेला तुला तपासायला पाठवत नाही, घाई होती, थेट पुढे दिलंय, तू तासाला उघड. असं आधी कधी झालं नव्हतं. पण नातवाचं आजारपण असेल, पाहुणे असतील, असं म्हणून मी सोडून दिलं. चार वाजता उतारा उघडला. त्याचं नाव होतं, 'रीड बिफोर यू साइन'. सही करण्यापूर्वी वाचा. मला वाटलं, बँकेचा काहीतरी असेल. कोंबड्यावालीने हौसेने सुरुवात केली.

एका गावात एक शिक्षिका होती. तिची आई वारली. एक दिवस तिच्या भावाने तिला सरकारी कचेरीत यायला सांगितलं. 'हर ब्रदर आस्क हर,' ती वाचत होती. 'आस्क्ड,' मी सवयीने म्हटलं. 'आस्क,' ती म्हणाली. भावाचं पेन चालेना. 'सो ही ओपन हर बॅग अँड पिक आउट हर रेड पेन.'

इथे मी दुरुस्ती केली नाही. ओपन्ड, पिक्ड, दोन्ही चुकले होते. पडद्यावरचा उतारा मी स्वतःच पुढे वाचत गेले. वाडीच्या जागी भातशेती होती, बाकी भाऊ तोच, कचेरी तीच, कारकुनाचं हसणं तेच. लाल पेनाचं तर मी फक्त तिला सांगितलं होतं. मुलगी पुढे वाचत होती. 'शी ट्रस्ट हर ब्रदर. शी साइन द पेपर अँड डिड नॉट रीड इट.' मग ती थांबली, कारण मी एकही चूक दुरुस्त करत नव्हते. 'टीचर? आय करेक्ट?'

'साइन्ड,' मी म्हटलं. 'म्हण, शी साइन्ड.'

'शी साइन.'

'शेवटचा ड ऐकू आला पाहिजे. शी साइन्ड.'

माझ्या घरातल्या माझ्या खुर्चीत बसून मी तो शब्द तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतला. माझं काम तेच होतं. तिने सही केली. तिने सही केली. माझ्या तोंडून हे वाक्य एवढ्या वर्षांत कधी एवढ्यांदा बाहेर पडलं नव्हतं.

नंतर प्रश्न आले. चौथा प्रश्न होता, उताऱ्यातली शिक्षिका कशी होती? अ, दयाळू. ब, मूर्ख. क, गरीब. ड, आळशी. मुली उत्तराचं अक्षर लिहून पाठवतात ते पडद्याच्या कडेला एकाखाली एक उमटतं. ब, ब, ब, ब. विचार करायला कोणाला पाच सेकंदही लागले नाहीत. सातही जणींचं ब. मी उत्तरसूची उघडली. मैत्रिणीनेही ब लिहिलं होतं.

सातजणींवर मला राग आला नाही. त्यांनी उतारा नीट वाचला होता. राग आला तो त्या एका ब वर, जो टंकताना समोर माझा चेहरा असणारच होता. हात धरून 'तुझी काय चूक' म्हणणारी बाई मनात काय म्हणत होती, ते मला अकरा वर्षांनी उत्तरसूचीत कळलं.

तास संपल्या संपल्या मी फोन लावला. तिने आधी नेहमीसारखं विचारलं, 'झाला का गं तास?'

मी म्हटलं, 'माझी गोष्ट घातलीस तू.'

ती म्हणाली, 'नाव कुठे घातलंय? आणि व्हिएतनाममध्ये तुला ओळखतंय कोण?'

'मला विचारलं का नाहीस?'

'विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.' हे तिने अगदी सरळपणे सांगितलं. 'अगं, मुलींना उपयोगी आहे. उद्या मोठ्या होतील, कुठेतरी सही करतील. आणि तूही नाही का सुकेळ्यांचा उतारा लिहिलास, तुझ्याच आईचा?'

'आईला मी मूर्ख नाही म्हटलं.'

तेव्हा ती चिडली नाही, हे सगळ्यात वाईट. ती मला समजावू लागली. म्हणाली, चार पर्यायांत एकच उत्तर बरोबर पाहिजे ना. दयाळू बरोबर धरलं तर प्रश्न संदिग्ध होतो. विश्वासू, भोळी, असला शब्द घालावा म्हटलं तर त्यांच्या शब्दयादीत नाही. फूलिश यादीत आहे. मी एकतीस वर्षं प्रश्नपत्रिका काढल्या आहेत, त्यामुळे तिचं म्हणणं मला पूर्ण पटत होतं आणि म्हणूनच मला फोन भिंतीवर फेकावासा वाटत होता. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, 'आणि खरं सांगू? राग मानू नकोस. इंग्रजीची बाई तू, दिवसभर मुलांना वाचा वाचा म्हणणारी. तू तरी वाचून सही करायची होतीस ना गं.'

मी फोन ठेवला. राग मानू नकोस म्हणून माणसं जे सांगतात, ते रागावण्याखेरीज दुसऱ्या कशाच्या लायकीचं नसतं. दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. लेकाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, भांडण झालं. पाहा, तिथेही कर्ता नाही.

शुक्रवारी स्वाध्याय होता. उतारा तोच, त्यावर पूर्ण भूतकाळाचा सराव. दोन घटना द्यायच्या, आधी कोणती घडली ते ओळखायचं आणि 'हॅड' वापरून वाक्य जोडायचं. तासाला बसू नये, असं मनात आलं होतं. पण मुलींनी काय केलं होतं? सहाव्या वाक्यासाठी शब्द दिले होते, सही करणे, वाचणे, कागद. उत्तरसूचीत होतं, तिने वाचण्यापूर्वी सही केली होती. सहाजणींनी तसंच लिहिलं. कोंबड्यावालीचं वाक्य सर्वांत शेवटी आलं. तिने क्रम उलटा केला होता. शी हॅड रेड द पेपर बिफोर शी साइन्ड इट. तिने सही करण्यापूर्वी कागद वाचला होता.

आता मला ते सांगायला हवं, जे मी मैत्रिणीला सांगितलं नव्हतं.

कारकुनाने स्वतःचं पेन दिलं, तेव्हा कागद माझ्याकडे फिरवून म्हटलं होतं, 'बाई, वाचून घ्या आधी,' आणि तो दुसऱ्या टेबलाशी गेला होता. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा होता. चार पानं होती. समोर मजकूर आला की तो न वाचता मला राहताच येत नाही. भजी बांधून आलेला कागदसुद्धा मी वाचते. मी चारही पानं वाचली. सदर मिळकतीतील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी स्वखुशीने, विनामोबदला व कोणत्याही दबावाशिवाय कायमचा सोडून देत आहे. मराठी अवघड होतं, पण एवढं अवघड नव्हतं. मी भावाच्या पाठीकडे पाहिलं. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मी म्हणू शकले असते, हे काय आहे? मग तो वळला असता, खोटं बोलला असता किंवा रडला असता, आणि दोन्हीनंतर मला रविवारी जेवायला घर उरलं नसतं. आई नव्हतीच आता. कारकून परत आला, विचारलं, 'वाचलंत ना?' मी म्हटलं, 'हो.'

परत येताना रिक्षातच माझं ठरून गेलं होतं की आपण वाचलं नाही. फसलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही. त्याचा हात धरतात, त्याला घावने देतात. वाचून सही केली म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का केलीस? आणि राग कुठे ठेवला असता मी? भावावर ठेवता आला नसता. दर वर्षी पापनिवेदनाला गुडघे टेकून मी फादरना सांगते, भावाबद्दल मनात राग आहे. हे कधी सांगितलं नाही.

म्हणजे मैत्रिणीने चव्हाट्यावर मांडली ती मी नव्हेच, मी तयार केलेली एक बाई होती. पण तिला ते माहीत नव्हतं. तिने मलाच मांडतेय असं समजून मांडली. त्यामुळे माझा राग तसूभरही कमी होत नाही, आणि कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. तिचा फोन मी अजून उचललेला नाही.

'टीचर,' दुसरी एक मुलगी म्हणत होती, 'नंबर सिक्स. शी राँग. इन द स्टोरी, साइन फर्स्ट. शी नो रीड.'

ती बरोबर होती. उताऱ्याप्रमाणे ते उत्तर चूक होतं, आणि उत्तरसूचीप्रमाणेही. कोंबड्यावालीचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने वाक्य पुन्हा वाचून पाहिलं, चूक कुठे ते शोधायला. 'शी हॅड रीड द पेपर...'

'रेड,' मी म्हटलं. 'स्पेलिंग तेच राहतं, पण इथे रेड म्हणायचं. ऐक.' आणि मी ते वाक्य स्वतः मोठ्याने म्हटलं, सातजणींसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही आवाज न खाता. शी हॅड रेड द पेपर बिफोर शी साइन्ड इट.

मग मी तिच्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली.

'बट टीचर,' दुसरी म्हणाली.

'वाक्य बरोबर आहे,' मी इंग्रजीत म्हटलं. 'आधी वाचलं होतं. मग सही केली.'